जखमेकडे पाठ करून

रक्त दिसलं की ते आधी पाठ फिरवायचे आणि मगच मदतीला यायचे. म्हणजे अक्षरशः उलटे, एक हात मागे धरून, खेकड्यासारखे तिरके सरकत. "कुठंय? माझा हात धर. जखमेवर नेऊन ठेव. ठेवलास? सोड आता." आणि दाबायचे. मान पलीकडे, डोळे डोंगरावर नाहीतर पार्किंगमधल्या गाड्यांवर, चेहरा पांढराफटक. लोकांना प्रथमोपचार शिकवत फिरणारा हा माणूस रक्ताला घाबरायचा. थोडाथोडका नाही. एकदा ऑफिसच्या पँट्रीत कुणाकडून तरी टोमॅटो सॉस सांडला, तर हे भिंत धरून खुर्ची शोधत होते.

लोक हसायचे, मीही हसले. आता हसू येत नाही. आता ते हवे आहेत. त्यांना पुण्याला जाऊन वर्ष होत आलं, आणि गेले कित्येक महिने मी फोनवर एकच धोशा लावलाय : काका, या. व्हिजिट व्हिसा मी काढते, तिकीट मी काढते, तुम्ही फक्त या. त्यांचंही एकच उत्तर : "तिथं आता माझं काय काम?"

या उत्तराचा मला राग येतो. त्या रागातच हे लिहिते आहे.

आमचं ऑफिस दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समध्ये, इन्शुरन्स ब्रोकरचं. मी मार्केटिंगला, ते क्लेम्सला. मी वाढले शारजात, कॉलेज पुण्याला केलं. तिथे अभ्यास कमी आणि पत्रकं जास्त. मोर्चाचं पत्रक, हॉस्टेलच्या पाण्याचं पत्रक, कँटीनच्या उंदरांचं पत्रक. परत आले तेव्हा हाताला तीच सवय होती. ऑफिसात जिन्यात सामान ठेवतात म्हणून मी एक कागद लिहून भिंतीवर लावला. दुपारी हे माझ्या टेबलाशी आले. इस्त्रीचा शर्ट, काळ्याभोर रंगवलेल्या मिशा.

"ते जिन्यातलं तुझं?"

"हो."

"उद्गारचिन्हं सहा आणि माहिती एक. पत्रकवाली आहेस वाटतं."

तेच नाव पडलं. मी त्यांना काका म्हणाले, तर आजूबाजूला बघत म्हणाले, "ऑफिसात काका नको. लोकांना वाटेल वशिल्यानं लागलीस."

"मग बाहेर?"

"बाहेर म्हण. बाहेर मी फुकट आहे."

ते साधे, नम्र वगैरे होते असं कुणी समजू नये. भांडकुदळ होते. आपलंच खरं करायचे. वाडीत (इथे वाडी म्हणजे डोंगरातला कोरडा ओढा, आपली घरांची वाडी नव्हे) घाम फुटला की मिशांचा रंग ओठावर उतरायचा, आणि ते सांगितलेलं त्यांना खपायचं नाही. ट्रेकला दुसऱ्या कुणी फर्स्ट एड बॉक्स आणला की सवत घरात आल्यासारखे फुगायचे. "उघड बघू. काय आहे? चिकटपट्ट्या. कागद कापू शकत नाही अशी कात्री. आणि तारीख उलटून गेलेलं मलम. छान. गाडीत ठेव, गाडीला लागलं तर उपयोगी पडेल."

त्यांच्या स्वतःच्या पिशवीत पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या, हातमोजे, आणि झिपच्या पिशव्यांमध्ये कडक इस्त्री केलेले साडीचे तुकडे असत. साड्या काकूंच्या. काकू मुलांच्या शाळेसाठी पुण्याला गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. मुलं शिकली, नोकऱ्यांना लागली, तरी हे इथे आणि त्या तिथे. जुनी सुती साडी विरायला आली की त्या ती उकळून, वाळवून, तुकडे करून कुणाबरोबर तरी पाठवायच्या. काकांना बायकोनं कधी प्रेमाचं काही लिहिलं असेल असं मला वाटत नाही. पण तुकड्यांचे काठ सरळ कापलेले असायचे, आणि त्यांना कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास यायचा. इस्त्री करताना काका तो वास घेत असणार. विचारलं असतं तर चिडले असते.

प्रथमोपचाराचं हे वेड त्यांना कुठून लागलं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. लोकांना यामागे एखादी दुःखद गोष्ट हवी असायची. कुणी म्हणे भाऊ गेला, कुणी म्हणे फॅक्टरीत काहीतरी घडलं. मी सरळ विचारलं. म्हणाले, "मला रक्त बघवत नाही. दाबलं की दिसत नाही. एवढंच आहे." आणि मग, "क्लेमच्या फायली वाच. जखम असते एवढीशी. मग घरातले सगळे तिला मदत करतात."

ही घरच्यांची मदत त्यांचा खरा शत्रू. कॉफी पावडर, टूथपेस्ट, बोरिक, अंगारा, आणि सगळ्यांत वर हळद. संक्रांतीच्या सुमाराला आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात वाटायला आम्ही दोघांनी एक पत्रक केलं. परवानगी घेतली, सगळं रीतसर. मजकूर त्यांचा, उद्गारचिन्हं मी काढलेली. जखम भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवा. स्वच्छ कापडानं दाबून धरा. जखमेत हळद घालू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका. झालं. मंडळाच्या वहिनींनी ते वाचलं आणि चष्मा काढला.

"हळदीकुंकवाला हळदीविरुद्ध पत्रक?"

"वहिनी, कपाळाला लावा, भाजीत घाला, दुधात घाला," काका म्हणाले. "उघड्या जखमेत नको. डब्यातली हळद आहे ती. तिच्यात माती असते, भेसळ असते, आणि डॉक्टरला खाली काय आहे ते दिसतही नाही."

"आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लावतात. कुणी मेलं नाही."

"मेलेले मंडळात येत नाहीत. म्हणून दिसले नसतील."

पत्रक वाटलं गेलं नाही. तिळगूळ वाटला. माझा संताप संताप झाला. शिकलेली माणसं, इंजिनिअर, बँकर, काचेच्या टॉवरमध्ये राहतात, आणि एका ओळीला घाबरतात. मी बडबडत होते, काका शांतपणे तिळगूळ खात होते. चौथा की पाचवा लाडू. "तू ओरडतेस छान," म्हणाले, "पण ओरडून रक्त थांबत नाही. दाबायला शिक."

शिकले. माझ्याच बाबांवर शिकले.

बाबा आणि काका यांचं जमत नसे. बाबांच्या मते काका म्हणजे चक्रम, आणि काकांच्या मते बाबा म्हणजे साहेब. हिवाळ्यातला शनिवार होता. आम्ही तीन-चार कुटुंबं रास अल खैमाच्या डोंगरातल्या एका वाडीत चालत होतो. बाबांना आदल्या वर्षी स्टेंट घातलेला, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. आईनं निघताना सांगितलं होतं, दगडांवरून उड्या मारू नका. बाबांनी मारली. घसरले आणि हात टेकला तो नेमका फुटक्या बाटलीवर. डोंगरात बसून पितात ते पितात, वर बाटली फोडून जातात. यांना एकदा अनवाणी त्याच वाटेनं चालवलं पाहिजे.

मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या अंगाला लागलं होतं. सगळे एकदम बोलायला लागले.

"पाणी ओता, पाणी!"

"वर करकचून बांधा! बुटाची लेस काढ रे!"

"खिचडीच्या सामानात हळद आहे, थांबा, मी आणते!"

आणि त्या गर्दीतून काकांची पाठ येताना दिसली.

"पत्रकवाली, तू बघ आणि मला सांग. काय दिसतंय?"

"रक्त."

"ते माहितीये. पिचकारी उडतेय की वाहतंय?"

"वाहतंय. खूप."

"आत काही आहे?"

"काच आहे. हिरवी. टोक बाहेर आलंय."

"काढ मग ती!" बाबा ओरडले. "दिसतेय ना? काढ!" आणि त्यांचा दुसरा हात काचेकडे निघालाच.

"धर तो हात!" काका न बघताच ओरडले. "साहेब, ती काच आत्ता तुमचं बूच आहे. बूच काढल्यावर काय होतं? हात नाही लावायचा. डॉक्टर काढेल, त्याला त्याचा पगार मिळतो." मग माझ्याकडे, म्हणजे समोरच्या कड्याकडे बघत, "पिशवीतले दोन तुकडे घे. घट्ट गुंडाळ्या कर. काचेच्या या बाजूला एक, त्या बाजूला एक. काचेवर दाब नको. बाजूंनी दाब, जखमेच्या कडा जवळ येऊ दे. साहेबांना खाली बसवा. हात वर."

मी हातमोजे चढवले आणि दाबलं. त्यांनी हात मागे करून माझ्या हातांवर ठेवला आणि मला दाब किती हवा ते कळलं. मी तोवर नुसता हात ठेवला होता.

"दुखतंय!" बाबा म्हणाले.

"दुखणारच. गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

मी सांगितल्या. "म्हणजे वेळ लागणार." मग काका लेस घेऊन उभ्या असलेल्या माणसाला म्हणाले, "तुम्ही ती बुटाला बांधा. दोघं खाली पळा, जिथे फोनला रेंज येईल तिथून मदत बोलवा. यल्ला, निघा!"

दोघं पळाले. उरलेले वाकून बघायला लागले. आणि मग तेच सुरू झालं, जे आपली माणसं हमखास करतात.

"थांबलं का? जरा उचलून बघू तरी."

"खबरदार!" काका कड्याकडे बघत ओरडले. "भात झाला का म्हणून सारखं झाकण उचलता, तसं इथे नाही करायचं. आत रक्त गोठायला लागलेलं असतं, तुम्ही ते उपटता. हात उचलला की पहिल्यापासून!"

लोक मागे सरले. बाबा मात्र स्वतःच मान वळवून बघत होते, आणि दर वेळी आणखी पांढरे पडत होते. तेव्हा काकांनी जे केलं ते कुठल्याही प्रथमोपचाराच्या वर्गात शिकवत नाहीत. ते म्हणाले,

"साहेब, घरून, सिलिकॉन ओएसिसहून सकाळी कुठल्या हायवेनं आलात?"

"काय? सिक्स इलेव्हननं."

"चूक."

बाबांनी मान वर केली. "चूक काय त्यात?"

"ट्रक. शनिवारी सगळे ट्रक सिक्स इलेव्हनवर. थ्री इलेव्हन घ्यायचा."

"थ्री इलेव्हन? आणि शारजाचा ट्रॅफिक कोण तुमचा काका काढणार?"

"सकाळी कुठला आलाय ट्रॅफिक!"

"मी रोज जातो त्या रस्त्यानं!"

"रोज जाता म्हणून तर चूक पक्की झालीये."

बाबा पेटले. हात माझ्या हातात, त्यात काच, आणि हे दोन मराठी गृहस्थ डोंगरात बसून कुठल्या एक्झिटला गाडी बाहेर काढावी यावर भांडतायत, त्यातले एक दुसऱ्याकडे पाठ करून. मधेच मी म्हणाले, "काका, कापडातून वर आलंय." आवाज न बदलता ते म्हणाले, "खालचं काढू नकोस, बाजूंनी वर आणखी ठेव. दाब वाढव. हां साहेब, मग विमानतळाकडून येणाऱ्या गाड्या कुठे जातात?" मी पिशवीतून नवा तुकडा काढून त्यांच्या मागच्या हातात दिला. त्यांनी बोटांनी काठ चाचपला. "ही हिची निळी," म्हणाले. न बघता. आणि तो माझ्याकडे परत दिला.

किती वेळ गेला मला माहीत नाही. हात बधिर झाले होते. भांडण दुबईतून निघून शारजा, अजमान करत उम्म अल क्वेनपर्यंत आलं होतं. मी सांगितलं, "नवं रक्त येत नाहीये." ते म्हणाले, "बघू नकोस, दाब." मग बऱ्याच वेळानं, "आता गुंडाळ्यांवरून पट्टी बांध. काचेवरून नको. बोटं गरम आहेत का? अंगठा हलवा म्हणावं." बाबांनी अंगठा हलवला आणि म्हणाले, "तरीसुद्धा सिक्स इलेव्हनच."

बचावपथकाची माणसं आली, त्यांनी पट्टी तशीच ठेवून बाबांना नेलं. काच हॉस्पिटलमध्ये निघाली. ती शिरेला टेकून बसली होती एवढं मला नंतर कळलं. पथक गेल्यावर काका एका मोठ्या दगडामागे गेले आणि ओकले. तोंड धुऊन आले तेव्हा मिशांचा रंग हनुवटीपर्यंत आला होता. मी ते सांगितलं नाही. "तू बघितलंस," ते म्हणाले, "म्हणून मला नाही बघावं लागलं." पुढचे काही दिवस त्यांचा रोज फोन : लाल झालंय का, गरम लागतंय का, ठणकतंय का, ताप आहे का. बाबा चिडायचे आणि सगळी उत्तरं द्यायचे.

त्यानंतर आम्ही दोघं जोडीनं शिकवायला लागलो. मी बघायची आणि सांगायची, ते पाठ करून विचारायचे. शाळेच्या सहलीत, बिल्डिंगच्या हॉलमध्ये, कुठेही. सिलिकॉन ओएसिसमधली मुलं खोट्या जखमा रंगवून बसायची आणि काका त्या खोट्या रंगालाही पाठ करायचे. एकीनं विचारलं, "बट अंकल, व्हॉट इफ आय जस्ट पीक?" काका म्हणाले, "पीक केलंस तर पनिशमेंट म्हणून तुझ्या बाबांबरोबर रस्त्यांवरून भांडावं लागेल." मुलीला काही कळलं नाही. पण तिनं हात उचलला नाही.

मग कंपनीनं क्लेम्सचं काम दुसरीकडे हलवलं. एका मीटिंगमध्ये सांगून टाकलं, केक कापला, खलास. या देशात तुमच्या व्हिसावर तुमचा हुद्दा छापलेला असतो. काम सुटलं की माणूस सुटतो. मी इथेच वाढले, इथल्या उन्हाशिवाय मला दुसरं ऊन माहीत नाही, तरी माझंही तेच आहे, बाबांचंही तेच. याची चीड आम्हांला येत नाही, कारण लहानपणापासून तेच बघितलंय. शेजारचं घर एका सुट्टीत रिकामं होतं, आपण नवीन शेजाऱ्यांकडे साखर मागायला जातो. मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. काकांना ते पटलं होतं. त्यांनी व्हिसावरची ती ओळ स्वतःवर छापून घेतली होती. काम संपलं म्हणजे आपण संपलो, निदान या वाळूपुरते तरी संपलो, असं समजून ते शांतपणे विमानात बसले. पुण्यात बायको होती, घर होतं, त्यांना तिथे जायचंच होतं, हेही खरं. त्यांच्यासाठी मला आनंद व्हायला हवा होता.

आता वर्ग मी एकटी घेते. मंडळानंसुद्धा एकदा बोलावलं. पत्रकातली हळदीची ओळ आहे तशी राहिली, मी राहू दिली. परवा पार्किंगमध्ये एका मुलाचा गुडघा फुटला. मी वाकले, बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, "खरचटलंय, खडे आहेत, वाहत नाहीये." कुणी विचारलंच नव्हतं. मुलाची आई माझ्याकडे बघत राहिली. मी बाटली उघडून पाणी ओतायला लागले, खूप वेळ ओतत राहिले, खडे निघून गेल्यावरही.

त्याच संध्याकाळी फोन केला. तो काकूंनी उचलला.

"अगं, ने गं यांना थोडे दिवस. माझ्या चांगल्या साड्या हातात घेऊन बघतात, विरल्यात का म्हणून. थांब, देते."

"बोल, पत्रकवाली."

"काका, या ना."

"काय, शिबिर आहे?"

"नाही."

"ट्रेक?"

"इतक्या उन्हात कुठला ट्रेक."

"कुणाला लागलंय का? बाबा बरे आहेत?"

"बाबा मस्त आहेत. कुणाला काही झालेलं नाही."

"वर्ग कोण घेतंय?"

"मी घेते. नीट चाललेत. तुमच्यापेक्षा मुलं जास्त येतात."

"बघ. मग माझं तिथं काय काम?"

इतके महिने मी या प्रश्नाला कामं शोधत होते. शिबिर करू, नवं पत्रक काढू, शाळेत बोलायचंय, तुमच्याशिवाय अडलंय. सगळं थोडं थोडं खोटं, आणि त्यांना ते कळत होतं. क्लेम्सवाला माणूस, खोटं लगेच ओळखणार.

"काही काम नाही," मी म्हणाले. "काहीच नाही. नुसते या."

मग फोन लांब धरल्यासारखा त्यांचा आवाज आला, माझ्याशी नाही, घराच्या आतल्या कुणाशी तरी.

"अगं, माझा पासपोर्ट कुठल्या कपाटात ठेवलायस?"